दगडांखालचं दुखणं

एका खाडीच्या तोंडाशी कोळ्यांचं एक गाव होतं आणि त्या गावात जोमा नावाचा नाखवा राहत असे. ज्याची स्वतःची होडी तो नाखवा, अशी तिकडची साधी समजूत. जोमाकडे तर दोन होड्या होत्या. एक नवी, रंगवलेली. येणारे-जाणारे तिच्याकडे वळून बघत. दुसरी त्याच्या बापाच्या वेळची. ती आता पाण्यात जात नसे. जोमाच्या घरापुढे वाळूत एका अंगावर कलंडून पडलेली असे.

ही जुनी होडी म्हणजे जोमाच्या डोक्याला ताप झाला होता. मोडावी तर माणसं लावावी लागणार. लाकूड चुलीत घालावं तर वर्षानुवर्षं डांबर प्यायलेलं ते लाकूड घरभर धूर करणार. विकत तर कुणी घेईना. सुकट वाळत घालायला जागा पुरत नाही म्हणून जोमाची बायको सकाळी उठून आधी होडीला बोल लावी आणि मग नवऱ्याला. बंदरावरची माणसं थट्टा करीत, "काय रं जोमा, तुजी म्हातारी अजून खाटंवरच हाय का?" जोमा हसून वेळ मारून नेई. पण ती होडी त्याला नको झाली होती, आणि त्याचं खरं कारण फक्त त्यालाच ठाऊक होतं.

होडीच्या तळाशी या टोकापासून त्या टोकापर्यंत एक जाड लाकूड असतं. माणसाला पाठीचा कणा, तसं होडीला ते. साऱ्या फळ्या त्याच्या आधाराने उभ्या असतात, आणि होडी डुलू नये म्हणून त्यावर दगड मांडून ठेवतात. एकदा होडी साफ करताना जोमाने मागच्या अंगाचे दगड उचलले आणि सहज कोयत्याचं टोक त्या लाकडावर टेकवलं. शिजलेल्या सुरणात जावं तसं टोक आत गेलं. खाऱ्या पाण्यातल्या किडीने लाकूड आतून खाऊन टाकलं होतं. वरून मात्र ते धड दिसत होतं. जोमाने दगड होते तसे परत ठेवले आणि त्याच वर्षी नवी होडी बांधायला घातली. कुणाजवळ तो याबद्दल एक अक्षर बोलला नाही. बोलण्यासारखं काही आहे असं तेव्हा त्याला वाटलंही नाही. होडी कुठे वापरायची होती?

त्याच गावात लखू नावाचा एक खलाशी होता. कामाला वाघ, बोलायला गाय. उभा जन्म दुसऱ्यांच्या होड्यांवर राबण्यात गेला होता. त्याची बायको चांगुणा खाडीतल्या खडकांवरची कालवं फोडून बाजारात विकायची. तोंडाने फटकळ, पण नवऱ्यावर तिचा फार जीव. लखूला आयुष्यात एकच हौस होती. आपल्या मालकीच्या होडीत बसून एकदा तरी जाळं टाकावं.

एक दिवस गावचा पाटील जोमाच्या ओटीवर येऊन बसला आणि म्हणाला, "जोमा, ती होडी लखूला देऊन टाक ना. तुला अडचण, त्याला सोय. गरीब हाय बिचारा, दुवा देईल."

जोमाला हायसं वाटलं. "दिली," तो म्हणाला. "फुकट दिली. एक पैसा नको मला."

दिवस मावळायच्या आत ही गोष्ट गावभर झाली. नाखवा असावा तर असा, असं जो तो म्हणू लागला. जोमाच्या बायकोला अंगण मोकळं होणार म्हणून आनंद, आणि जोमाला लोक वाखाणतात म्हणून. नको असलेली वस्तू घरातून जावी आणि वर पुण्यही पदरात पडावं, असा योग कुणाला आवडणार नाही?

पण त्या गावात होडी नुसती देता येत नसे. एक चाल होती. तिला लोक 'दुखणी सांगणं' म्हणत. होडी कंबरभर पाण्यात ढकलायची. देणारा आणि घेणारा, दोघांनी आत बसायचं. मग देणाऱ्याने घेणाऱ्याचा हात धरून होडीच्या एकेका दुखऱ्या जागेवर ठेवायचा आणि म्हणायचं, "हितं दुखतं." घेणाऱ्याने म्हणायचं, "कळलं." सगळी दुखणी सांगून झाली की देणाऱ्याने काठावरच्या गावकऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं, "आता हिचं काय पण लपलेलं नाय." मग नारळ द्यायचा आणि होडी त्याची झाली. एकदा हे झालं की घेणारा पुन्हा शंका काढत नसे. शंका काढणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर त्याला खोटं ठरवणं. म्हणून त्या गावात जुनी होडी घेताना कुणी तिचं लाकूड ठोकून बघत नसे. शब्दावर होडी घ्यायची आणि शब्दावर द्यायची.

ठरलेल्या दिवशी गाव काठावर जमलं. जोमा आणि लखू होडीत बसले. जोमाने लखूचा हात धरला. डाव्या अंगाची एक फळी भेगाळली होती, तिथे ठेवला. "हितं दुखतं." "कळलं." सुकाणूचा खिळा सैल होता. "हितं दुखतं." "कळलं." डोलकाठी जिथे बसते तिथलं लाकूड झिजलं होतं, पुढच्या टोकाशी सांध्यातून पाणी झिरपत होतं. जोमाने काही म्हणून सोडलं नाही. बारीकसारीक ओरखडेसुद्धा दाखवले. काठावर लोक एकमेकांना म्हणाले, "बघा, किती मन लावून सांगतोय."

फिरत फिरत दोघे मागच्या अंगाला आले. दगड तिथेच होते. जोमाचा हात थांबला.

लखूने त्याच्याकडे पाहिलं. त्या माणसाचे डोळे भरून आले होते. "नाखवा," तो हळूच म्हणाला, "माज्या बापाला पण होडी नाय मिळाली. मला तुमी दिली."

आता सांगावं तर काय होईल? लखू होडी घेणार नाही. चारचौघांत आपला मोठेपणा जाईल. पाटील विचारील, मग देत कशाला होतास? आणि ही काळी म्हातारी पुन्हा ओढत घरापुढे आणावी लागेल. हे सगळं एका क्षणात जोमाच्या मनात येऊन गेलं. लखू दगड उचलायला वाकला होता. जोमाने त्याचा खांदा धरला.

"ऱ्हाऊं दे रं," तो म्हणाला. "दगड उगाच कशाला हलवतोस? पाठ धरंल." मग काठाकडे तोंड करून तो मोठ्याने बोलला, "आता हिचं काय पण लपलेलं नाय!"

लखू त्याच्या पाया पडला. काठावर लोकांनी आरोळी ठोकली. उद्या एकटा गाठून सांगू, असं जोमाने मनाशी ठरवलं, आणि नारळ लखूच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी लखू आपणहून आला. पहिल्या जाळ्यातली उत्तम मासळी केळीच्या पानात बांधून घेऊन आला होता. इतका खुशीत होता की जोमाला दगडांखालचं सांगवेना. शेवटी तो एवढंच म्हणाला, "लखू, होडी म्हातारी हाय. खाडीतच फिरव. बाहेर नको नेऊस." लखू म्हणाला, "नाय नेत." त्यावर जोमाने स्वतःची समजूत घातली. खाडीचं पाणी संथ. तेवढ्याला लाकूड टिकेल. आणि आपण सांगितलं तर आहेच की, बाहेर नेऊ नको म्हणून.

लखूने ती होडी पोटच्या लेकीसारखी सांभाळली. जी जी दुखणी जोमाने सांगितली, त्या प्रत्येकावर त्याचं रोज लक्ष असे. भेगेत कापूस भरला, वर राळ घातली. सुकाणूला नवा खिळा बसवला. सांध्याला तेल पाजलं. चांगुणा त्याला दम द्यायची, "आधी तिचं बघ, मग जेवाया बस." आणि तो खरोखरच आधी होडीचं बघून मग जेवायला बसे. खाडीबाहेर तो कधी गेला नाही.

शिमग्याच्या थोडं आधी, एका दुपारी ओहोटी लागली असताना अचानक पश्चिमेचा वारा सुटला. खाडीच्या तोंडाशी ओढ असते. लखू जाळं गोळा करून परत फिरत होता. वाऱ्याने आणि ओढीने होडीला दोन बाजूंनी धरलं, आणि ती बरोबर मागच्या अंगाला मोडली. लखू पट्टीचा पोहणारा होता, पण त्याचे पाय जाळ्यात गुरफटले. दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत किनाऱ्याला लागलं. मोडकी होडी त्याच्या आधीच येऊन वाळूत पडली होती.

लखूला अग्नी देऊन माणसं परतली आणि पाटलाच्या ओटीवर बसली. सगळ्यांना वाईट वाटत होतं, पण प्रश्न तर होताच. होडी मोडली कशी?

पाटील म्हणाला, "दुखणी सांगलेली व्हती. आपन समदे काठावर हजर व्हतो. जोमानं काय बाकी ठेवलं नाय. मग घेणाऱ्यानंच कुठंतरी हयगय केली असनार."

सगळ्यांनी माना हलवल्या. मोडलेलं लाकूड तपासणं म्हणजे जोमाच्या शब्दावर शंका घेणं, म्हणून ते बघायला कुणी गेलं नाही. जोमा खांबाला टेकून बसला होता. आताही त्याला बोलता आलं असतं. पण आता बोलायचं म्हणजे एका माणसाचा मृत्यू आपल्या माथी घ्यायचा. आधी नुसती लाज आडवी येत होती, आता भीतीही आली.

कुणीतरी म्हणालं, मोडकी होडी अशीच पडून राहणं बरं नाही. जोमा पटकन बोलून गेला, "होळीवर घाला. मी आणून देतो." त्याने स्वतः फळ्या ओढून आणल्या. तो पोखरलेला तुकडा सगळ्यांत आधी रचला आणि त्यावर बाकीचं लाकूड टाकलं. डांबर प्यायलेलं लाकूड धडधडून पेटलं. नको असलेली होडी अशी दुसऱ्यांदा जोमाच्या हातून गेली, आणि ती जाताना बघून त्याला खरंच हलकं वाटलं. त्या हलकेपणाची त्याला पुढे फार शरम वाटली.

त्या गावात आणखी एक रीत होती. नारळी पुनवेला दर्यात नारळ सोडताना पाण्यात गेलेल्या सगळ्यांची नावं पाटील मोठ्याने घेत असे. मात्र जो स्वतःच्या हयगयीने मेला त्याचं नाव घेत नसत. दर्याला उगाच दोष लागतो म्हणून. लखूचं नाव घ्यायचं नाही, असं ठरलं.

चांगुणाला हे कळलं तेव्हा ती रडली नाही, चिडली. गावावर नाही, नवऱ्यावर. रोज संध्याकाळी ती पाण्याच्या कडेला उभी राही आणि लखूला शिव्या देई. "तुला सांगलं व्हतं ना नाखव्यानं? हाताला धरून सांगलं व्हतं. कुठं व्हते तुजे डोळे, मुर्दाडा? मला अशी टाकून गेलास, आन वर नावाला बट्टा लावून गेलास!" तिचा आवाज जोमाच्या घरापर्यंत येई. जोमा अर्ध्या जेवणावरून उठे. बायको म्हणे, "किती मायाळू हो तुमी, परक्याच्या दुःखानं वाळत चाललात."

एके दिवशी चांगुणा जोमाच्या दारात आली. उंबऱ्यापाशीच बसली.

"नाखवा," ती म्हणाली, "परत एकदा सांगा. कुठं कुठं दुखत व्हतं?"

जोमा सांगू लागला. डावी फळी. चांगुणाने एक बोट मुडपलं. "ती केली व्हती. मी स्वता कापूस पिंजून दिला." सुकाणूचा खिळा. दुसरं बोट मुडपलं. "नवा बसवला." डोलकाठीची बैठक, पुढचा सांधा. एकेक बोट मुडपत गेली. शेवटी तिने मुडपलेल्या बोटांकडे पाहिलं. "ही तर समदी केली. मग चुकला कुठं तो? आनखी एखादं व्हतं का? तो विसरला आसंल, मला बोलला नसंल. आठवा ना."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. जोमाच्या ओठांवर शब्द आला होता. पण तो म्हणाला, "बाय, देवाची मर्जी."

"देवाची कशाला?" चांगुणा उठली. "त्याचीच हयगय. देवाला कशाला मधी आणायचं?" आणि ती त्या संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त शिव्या देऊन आली.

नारळी पुनव आली. नव्या लुगड्यांत, नव्या टोप्यांत गाव बंदरावर जमलं. वाजंत्री वाजत होती. पाटलाने सोनेरी कागद लावलेला नारळ हातात घेतला आणि जोमाला पुढे बोलावून त्याच्या हाती दिला. "औंदाचा नारळ जोमाच्या हातनं सोडायचा. गरिबाला होडी देणारा नाखवा हाय तो." मग पाटील नावं घेऊ लागला. एकेका नावासरशी त्या त्या घरच्या बायका पदराने डोळे टिपत होत्या. चांगुणा एका बाजूला उभी होती. तिच्या घरचं नाव आलं नाही. नावं संपली.

जोमाने नारळ खाली ठेवला.

"पाटील," तो म्हणाला, "लखूचं नाव घ्या. चूक त्याची नव्हती. मागच्या दगडांखालचं लाकूड किडलं व्हतं. मला ठाऊक व्हतं. मी सांगलं नाय."

पाटलाने पुढे येऊन त्याला मिठी मारली. पाटलाच्या डोळ्यांत पाणी होतं. "बघा रं," तो गावाला म्हणाला, "याला म्हणत्यात माणूस! मेलेल्याच्या नावासाठी आळ आपल्या डोक्यावर घेतोय."

"आळ नाय, खरं हाय!" जोमा ओरडला. "लाकूड किडलं व्हतं!"

"कुठं हाय ते लाकूड?" पाटील मायेने म्हणाला. "जळालं ना होळीत. जाऊं दे आता. तुज्या शब्दाखातर घेतो लखूचं नाव." आणि त्याने ते घेतलं. लोकांनी जोमाचा जयजयकार केला. बायकांनी त्याच्या बायकोची ओटी भरली. तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला, आणि जितकं सांगे तितकं लोकांना त्याचं मन मोठं वाटे. शेवटी दोघांनी त्याला धरून घरी आणून बसवलं.

चांगुणा मागून आली. दुसरं कुणी आलं नाही.

"दगडांखाली?" तिने विचारलं.

जोमाने मान हलवली.

"कुठल्या अंगाला?"

"मागच्या."

गावाने विश्वास ठेवला नव्हता, पण तिने ठेवला, कारण बाकीची सगळी बोटं तिने स्वतः मुडपून पाहिली होती. ती नेहमीसारखी ओरडली नाही. जोमाला वाटलं, ओरडेल तर बरं. मारील तर त्याहून बरं.

"त्या दगडांवर बसूनच तो भाकर खायचा," ती म्हणाली. "नाव घेतलं त्याचं आज. तुज्या मोठेपणाखातर घेतलं. त्याचं म्हनून नाय."

"बाय, मला काय वाट्टेल ते बोल," जोमा म्हणाला.

"तुला काय बोलू?" चांगुणाचा आवाज फुटला. "नाखवा, मी रोज त्याला शिव्या दिल्या. त्यानं समदं केलं व्हतं, आन मी त्याला हयगय्या म्हणाले. मेलेल्या माणसाला रोज. आता त्या शिव्या मी कशा परत घेऊ, ते सांग."

ती निघून गेली. संध्याकाळी तो ओटीवर बसून राहिला. खाडीवरून आज शिव्या ऐकू आल्या नाहीत. एक बाई कुणाची तरी माफी मागत होती, ते मात्र भरती येईपर्यंत ऐकू येत होतं.

तात्पर्य: दहा दोष सांगून एक लपवणाऱ्यावर लोक पुरता विश्वास ठेवतात, आणि त्या एकाची शिक्षा निर्दोष माणसाला भोगावी लागते. म्हणून जे सांगायला जीभ अडते तेच आधी सांगावं. वेळ गेल्यावर सांगितलेलं खरं मन हलकं करीत नाही, आणि गेलेलं काही परतही आणीत नाही.